उलट ओळीतली बोंडं

४ ऑक्टोबर

आदरणीय बाई,

तुमच्या टोप्यांच्या कारखान्यातल्या सगळ्याजणी तुम्हाला बाई म्हणतात, असं तुमच्या मुलीकडून ऐकलंय, म्हणून मीही तेच म्हणतो. दुसरं काही म्हणायचा हक्क अजून मिळालेला नाही. मी तुमच्या मुलीचा नवरा. आपण कधी भेटलो नाही. लग्नाला तुम्ही आला नाहीत, आणि मी फोन केला की आवाज ओळखून तुम्ही तो ठेवून देता. पत्राचं बरं असतं, रागाने खाली ठेवलं तरी राग गेल्यावर पुन्हा उचलता येतं.

तक्रार करायला लिहीत नाही. मला टोपी विणायला शिकायचं आहे, आणि तीही तुमच्याकडची ती बोंडाची, जिच्यावर लोकरीचे टपोरे गोळे उठून दिसतात.

कारण सांगतो. गेल्या आठवड्यात बाजारात एका दुकानात तुमच्याकडची टोपी टांगलेली दिसली. तुमच्या मुलीने ती हातात घेतली, एकेका बोंडावरून बोट फिरवलं, आतून उलटून पाहिली आणि परत टांगली. मी म्हटलं, घेऊया. तर म्हणाली, विकत घ्यायची नसते ती. मग स्वतःच विण की, म्हटलं. त्यावर म्हणाली, सुया तिथेच ठेवून आलेय मी.

तुम्हा दोघींमध्ये काय झालं ते मला एवढंच माहीत आहे: तीन वर्षांपूर्वी तिने माझ्याशी लग्न करून इकडे यायचं ठरवलं, तुम्ही म्हणालात, जायचं तर सुया ठेवून जा, आणि ती ठेवून आली. तेव्हापासून तिने लोकरीला हात लावलेला नाही. औषधांच्या दुकानात नोकरी करते, घर नीट चालवते, हसते बोलते. पण त्या दिवशीचा तिचा चेहरा मला बघवला नाही. ती विणत नाही, तुम्ही बोलत नाही, मग उरलो मी.

या पत्राची तिला कल्पना नाही. उत्तर पाठवलंत तर सलूनच्या पत्त्यावर पाठवा. मी केस कापतो. म्हणजे तुम्ही लोकांची डोकी झाकता आणि मी उघडी करतो, बाकी धंदा एकच.

आपला,
सलूनवाला

१३ ऑक्टोबर

सलूनवाले,

पत्र मिळालं. खाली ठेवलं होतं, पुन्हा उचललं.

मी तोंडावर बोलणारी बाई आहे. टोपी तुम्हाला शिकायची आहे यावर माझा काडीचा विश्वास नाही. माझ्या मुलीला लहानपणापासूनची खोड आहे, स्वतःला काही हवं असलं की दुसऱ्याला पुढे करायचं. बरणी फुटली की शेजारणीला पाठवायची मला सांगायला. तेव्हा ती आत्ता तुमच्या खांद्यावरून वाचत असेल तर खुशाल वाचू दे.

पण शिकायला आलेल्याला मी परत पाठवत नाही. आमची खोली लोखंडी सामानाच्या दुकानाच्या वर आहे. खाली दिवसभर पत्रे आपटतात आणि वर आम्ही पाचजणी खिडकीशी बसून विणतो. इथे नवीन बाई आली की तिला जसं सांगते तसंच तुम्हाला सांगते.

आमची टोपी दोन सुयांवर सपाट विणतात आणि शेवटी मागे शिवतात. एक ओळ सुलट टाक्यांची, एक उलट टाक्यांची. सुलट ओळीत टोपीची बाहेरची बाजू तुमच्यासमोर असते, उलट ओळीत आतली. हे हाताला बसलं की मग बोंड. एकाच टाक्यातून पाच टाके काढायचे, तेवढ्या पाचांवरच मागेपुढे विणायचं आणि मग ते एकावरून एक ओढून पुन्हा एकच टाका करायचा. एवढ्याशा जागेत इतकी लोकर कोंबल्यावर ती जाणार कुठे? फुगून बाहेर येते. बोंड नेहमी उलट ओळीत घालायचं, हे लक्षात ठेवा. आणि बोंडामागच्या टाक्याला पीळ द्या, नाहीतर एकदा धुतलं की ते मान टाकतं.

वीतभर तुकडा विणून पाठवा. मग बघू.

२ नोव्हेंबर

आदरणीय बाई,

सोबत तुकडा आहे. हसायचं तर हसा, पण आधी माझी कैफियत ऐका.

सलूनमध्ये मागे एक पडदा आहे, जिथे टॉवेल वाळत घालतो. त्यामागे स्टुलावर बसून शिकतोय. पहिला तुकडा चौकोनी व्हायचा होता, तो कानासारखा झाला. दुसऱ्यात टाके इतके आवळले की सुई बाहेर निघेना. आमचा एक म्हातारा गिऱ्हाईक आहे, पूर्वी शिंपी होता. परवा त्याच्या तोंडाला साबण लावला आणि एवढी ओळ पुरी करून येतो म्हणून आत गेलो, तर साबण वाळून कडक झाला तरी मी आतच. शेवटी तो तसाच पडदा सारून आला आणि म्हणाला, मास्तर, तुम्ही दोरा गळ्याभोवती गुंडाळून घेतलाय, आधी तो सोडवा.

घरी वेगळंच लचांड. लोकर मी लाल आणली. माझ्या शर्टावर केस असणं यात नवीन काही नाही, काळे, पांढरे, सगळ्या जातीचे असतात. परवा तुमच्या मुलीने कॉलरवरून एक लांब लाल धागा उचलला, उजेडात धरला आणि म्हणाली, ही लाल केसांची कोण? मी म्हटलं, एक आजी येतात, केस रंगवतात. खोटं बोलताना माझे कान तापतात हे तिला माहीत आहे. तिने धागा खिडकीबाहेर टाकला आणि पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता तुकड्याबद्दल. बोंडं सुईवर फुगताना मला दिसतात, जीव हरखतो, आणि ओळ पालटून बघावं तर गायब. सगळी आतल्या बाजूला. अशी टोपी घातली तर डोक्याला दिवसभर कुणीतरी बोटं टोचतंय असं वाटेल. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणाल, पण मी तुम्ही लिहिलंत तसंच केलंय, अक्षराला अक्षर.

सलूनवाला

९ नोव्हेंबर

अहो सलूनवाले,

तुमचा तुकडा टेबलावर ठेवला आणि मी अशी हसले की चौघीजणी सुया टाकून उठून आल्या. खालच्या दुकानदाराने वर येऊन विचारलं, काय झालं म्हणून. इतकं हसू या खोलीत बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

उलट ओळ मी मुद्दाम सांगितली होती. उलट ओळीत आतली बाजू समोर असते, मग बोंड आतच फुगणार, दुसरं काय होणार? बोंड घालायचं ते सुलट ओळीत. माझी मुलगी तुमच्यामागे असती तर तिने पत्र वाचतानाच हे पकडलं असतं आणि तुम्ही मला बाहेर बोंडं असलेला सुंदर तुकडा पाठवला असता. तसा आला असता तर मी उत्तर देणार नव्हते. तुम्ही मात्र सांगितलेला खड्डा इमानाने खणून त्यात जाऊन बसलात. म्हणजे खरंच तुम्ही एकटेच आहात. तुमच्यावर संशय घेतला याचं वाईट वाटलं, आणि ती मागे नव्हती याचंही थोडं वाटलं.

टाके मात्र सारखे आहेत. आणि बोंडामागे पीळ बरोबर दिलाय, तो आमच्यातल्या निम्म्याजणींना अजून जमत नाही. तुमच्या बोटांना नाजूक कामाची सवय आहे, ते दिसतं.

तेव्हा आता पुरी टोपी धरा. टाके किती घालायचे ते डोक्यावर ठरतं, म्हणून माप कळवा. तिच्या डोक्याचं माप मला पाठ आहे, पण टोपी तिच्यासाठीच की आणखी कुणासाठी ते तुम्ही लिहिलं नाहीत.

आणि त्या लाल केसांच्या आजीचं काहीतरी करा. संशय वाईट, हे मी तुम्हाला सांगायला नको.

बाई

२० नोव्हेंबर

आदरणीय बाई,

मुद्दाम केलंत हे वाचून मी आधी रागावलो आणि मग पडदा लावून एकटाच हसलो. नवा तुकडा सोबत आहे. या वेळी बोंडं आपल्या घरी आहेत, म्हणजे बाहेर. शिंपीबाबांनी चष्मा लावून पाहिला आणि आता दुकानाची पाटी बदला म्हणाले.

माप मागितलंत. माझी इथे पंचाईत आहे. एका बाबतीत मी घरी शब्द दिलाय की तुम्हाला एक अक्षरही कळवायचं नाही. तिचं म्हणणं, आईला यायचं असेल तर ती माझ्यासाठी येईल, कुठल्या बातमीसाठी नको. हे तिचं म्हणणं, माझं नाही, पण शब्द माझा आहे आणि तो मी मोडणार नाही. म्हणून अक्षर लिहीत नाही. मापाएवढा धागा कापून पाकिटात घालतो. धाग्याबद्दल माझ्याकडून कुणी काही कबूल करून घेतलेलं नाही. माप अंदाजाचं आहे. दवाखान्यातल्या एक नर्सबाई केस कापायला येतात, त्यांना विचारून घेतलं.

सलूनवाला

२७ नोव्हेंबर

जावईबापू,

धागा टेबलावर गोल करून ठेवला. माझा जन्म टोप्या विणण्यात गेला. हे मोठ्या माणसाचं डोकं नाही, शाळेतल्या पोराचं नाही, रांगणाऱ्या बाळाचंही नाही. हे डोकं अजून जन्माला यायचं आहे.

मी बराच वेळ त्या गोलाकडे बघत बसले. मग इतरजणींनी विचारलं, तर काही नाही म्हटलं, आणि ते म्हणतानाच रडू आलं. आता सगळ्यांना माहीत झालंय. तुम्ही शब्द मोडला नाहीत, धाग्याला तोंड फुटलं त्याला तुम्ही काय करणार?

कधी आहे? तिला उलट्या होतात का? मला चार महिने झाल्या होत्या, तिच्या वेळी. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहते का अजून? पाय सुजत असतील तर स्टूल मागून घ्या म्हणावं, लाजायचं काही कारण नाही. हे सगळं तुम्ही तिला माझं म्हणून सांगू शकत नाही, ते कळतंय मला.

आता ते सुयांचं. तिने तुम्हाला सांगितलं ते खरं आहे, पण निम्मं. सुया ठेवून जा असं मी म्हटलं ते तिने थांबावं म्हणून. या पोरीचा हात सुयांवर जडलाय, सुया सोडून ती उंबरा ओलांडणार नाही, असं मला वाटलं होतं. तिने टेबलावर ठेवल्या आणि गेली. त्यानंतर काय बोलायचं ते मला सुचलं नाही, आणि जितके दिवस जातात तितकं सुचणं अवघड होतं.

उद्याच्या गाडीने निघावं असं मनात येतं. पण बोलावल्याशिवाय मी कुणाच्या दारात गेलेली नाही, आणि तिने दार लावून घेतलं तर मला ते सोसणार नाही. तिने नुसतं ये म्हणू दे.

टोपीला लाल लोकर चालेल, पण मऊ घ्या, बाळांची मिळते ती. कपाळाच्या काठाशी बोंड नको, रुततं. वर टाळूपाशीही साधीच वीण, तिथे फार नाजूक असतं. बोंडं मधल्या पट्ट्यात. सुलट ओळीत.

बाई

१६ डिसेंबर

जावईबापू,

तुमचं उत्तर नाही. पोस्टमनला रोज विचारते, तो आता मला चुकवून जातो.

टोपी बिघडली असेल तर बिघडू दे, उसवून पुन्हा होते. सगळं ठीक आहे एवढंच एका ओळीत लिहा. तिने तुम्हाला पकडलं असेल आणि ती चिडली असेल तर तेही लिहा. माझ्यामुळे तुमच्यात बेबनाव नको.

फोन उचलून पाहिला आणि ठेवला. तिनेच घेतला तर काय बोलू, ते अजून ठरत नाही.

बाई

३ जानेवारी

आई,

आजपासून मी असंच म्हणणार आहे. चालत नसेल तर येऊन सांगा.

आधी मुख्य गोष्ट: सगळं ठीक आहे. मध्ये तिचा रक्तदाब वाढला, आठवडाभर दवाखान्यात ठेवावं लागलं. तुमच्या आधीच्या पत्राचं उत्तर या धावपळीत राहिलं, आणि दुसरं बंद सलूनमध्ये पडून होतं. आता घरी आहे. डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं बजावलंय, आमचा तिसरा मजला, तेव्हा जिना तर बंदच. बाळ बाळंतपणाची वाट बघत मजेत लाथा मारतंय. तारीख फेब्रुवारीत आहे.

आणि हो, पकडला गेलो. दवाखान्याच्या आधीची गोष्ट. भर दुपारी ती न सांगता सलूनमध्ये आली. लाल केसांच्या बाईला बघायला आली होती, हे तिने नंतर कबूल केलं. माझ्या शर्टावर रोज एक तरी लाल धागा सापडायचा म्हणे. खुर्चीत शिंपीबाबा साबण लावून बसलेले. तिने विचारलं, हे कुठे आहेत? त्यांनी पडद्याकडे बोट केलं आणि पुढचं बघायला नको म्हणून डोळे मिटून घेतले. तिने पडदा ओढला, तर मी स्टुलावर, मांडीत लाल लोकर, हातात अर्धी टोपी.

तिने टोपी घेतली, आतून उलटून पाहिली, बोंडामागच्या टाक्यावर नख फिरवलं. म्हणाली, हा पीळ आईचा आहे. मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली आणि रडली. शिंपीबाबांनी आपल्या गळ्यातला टॉवेल काढून तिला दिला.

मी सगळं सांगितलं. पत्रंही दिली, जी आली होती ती. तुमची परवानगी घ्यायला हवी होती, पण इकडे आड तिकडे विहीर झालेला माणूस काय काय सांभाळणार? तुम्ही सुयांबद्दल लिहिलंय तिथे ती थांबली. ते वाक्य तिने कितीदा वाचलं कुणास ठाऊक. मग एवढंच म्हणाली, "हे तिने मला का नाही सांगितलं?"

त्यावर मी म्हटलं, तू तरी तिला कुठे काय सांगितलंस? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो तुम्हा दोघींचाही नाही.

पण एक सांगतो. दवाखान्यातून आल्यावर तिने स्वतः टोपी मागितली. माझ्या वरच्या चार ओळी बघितल्या, तोंड वाकडं केलं आणि सरळ उसवल्या. मग सुया हातात घेतल्या. आई, मी तिचा नवरा आहे आणि तिला विणताना मी पहिल्यांदा पाहिलं. बोटं हलतात ती दिसतच नाहीत. मला टोपीला परत हात लावू देत नाही आता. इतक्या कष्टाने शिकलो आणि माझीच टोपी माझ्या हातून गेली.

तिने अजून ये म्हटलेलं नाही. मी म्हणतो, या. माझ्या म्हणण्याला किती किंमत आहे ते मला माहीत नाही.

तुमचा जावई

६ जानेवारी

आई,

हे पत्र मीच लिहिते आहे, कुणाला पुढे केलेलं नाही.

टोपी बरीचशी झाली आहे. काठाशी थोडी तिरकी आहे, तो भाग त्याने विणलेला आहे. वरच्या ओळी मी उसवल्या, पण काठ तसाच ठेवला, त्याने फार मन लावून केलाय.

आता टाळूपाशी येऊन अडले आहे. बोंडांचा पट्टा संपला की टाके कसे कमी करत न्यायचे ते आठवत नाही. तीन वर्षं सुया हातात नव्हत्या, विसरले. बाळाचं डोकं नाजूक असतं, चूक व्हायला नको. पत्रात लिहून कळायचं नाही ते. तू येऊन दाखवशील का?

त्या दिवशी सुया ठेवून निघाले तेव्हा मी लगेच गेले नव्हते. आपल्या खोलीच्या जिन्यात, खालच्या पायरीवर उभी होते. तू वरून हाक मारशील असं वाटलं होतं. खाली पत्रे आपटत होते, म्हणून कदाचित ऐकू आलं नसेल असं मी मनाशी म्हणत राहिले. मग गाडीची वेळ झाली.

ये. टोपी अडली आहे तिथेच ठेवते.

११ जानेवारी

बाळा,

तू जिन्यात उभी होतीस हे मला माहीत नव्हतं. हाक मी मारली नव्हती. मारायला हवी होती.

टाळूपाशी टाके कसे कमी करायचे हे तू विसरलेली नाहीस. आमच्या चौघींना ते तूच शिकवलंस आणि त्या अजून तुझ्याच पद्धतीने करतात. पण तू विचारलंस, एवढं मला पुरे आहे. मी दाखवीन आणि तू नव्याने शिकल्यासारखी बघ.

गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. खोली चौघींवर सोपवली आहे, परतायचं काही ठरवलेलं नाही. तुझ्या सुया आणते आहे. इतके दिवस टेबलाच्या त्याच कोपऱ्यात होत्या, मी कुणाला हात लावू दिला नाही.

आवाज ऐकला तरी उठून दाराशी येऊ नकोस. जावईबापूंना दार उघडायला सांग. तू पलंगावरच राहा, मी वर येते.

तुझी आई